विमानवाहू नौका खरंच 'कुणाच्याही परवानगीशिवाय' फिरते का?

तांडेल (धागाकर्ता)

कुठे युद्धाचं वारं सुटलं की पहिली बातमी ठरलेली असते: अमुक विमानवाहू नौका तमुक समुद्राकडे निघाली. त्या बातमीखालचं वाक्यही ठरलेलं: अणुऊर्जेवर चालते, २५ वर्षं इंधन भरावं लागत नाही, त्यामुळे कुणाच्या बंदराची की परवानगीची गरजच नाही.

या वाक्यातलं 'त्यामुळे'च्या आधीचं बरोबर आहे. नंतरचं सगळं भाबडेपण आहे.

अणुभट्टी जहाज ढकलते, विमानं उडवत नाही. अमेरिकेच्या निमित्झ वर्गाच्या कॅरियरच्या (म्हणजे विमानवाहू नौकेच्या) पोटात विमानांचं साधारण १.१ कोटी लिटर इंधन मावतं. आकडा मोठा वाटतो, पण दिवसाला शंभरएक उड्डाणं सुरू झाली की आठवडाभरात टँकर शेजारी आणावाच लागतो. सोबतच्या विनाशिका तर तेलावरच चालतात, त्यांना त्याहून लवकर तहान लागते. आणि हा टँकर म्हणजे कोण? तेलावर चालणारं, नागरी खलाशांचं, फारसं संरक्षण नसलेलं जहाज. ते कुठल्या तरी किनाऱ्यावर जाऊन भरूनच येतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये ओमानजवळ अमेरिकेच्या 'बिग हॉर्न' या टँकरला अपघात झाला. सुकाणूला मार बसला, आत पाणी शिरलं. त्या भागातल्या 'अब्राहम लिंकन' या कॅरियरच्या ताफ्याला तेल पुरवणारा अमेरिकी नौदलाचा तो एकमेव टँकर होता. लगेच बदली टँकरची शोधाशोध सुरू झाली. लाख टनाची नौका, पाच हजार माणसं, साठ-सत्तर विमानं, आणि हे सगळं लटकलंय एका टँकरच्या सुकाणूवर! त्याच वर्षी खलाशी मिळत नाहीत म्हणून १७ सहाय्यक जहाजं बाजूला उभी करण्याचा निर्णय अमेरिकेने घेतला, हेही जाता जाता.

आता परवानगीचं बघू. परक्या बंदरात शिरायचा हक्क कुठल्याच युद्धनौकेला नसतो, यजमान 'या' म्हणाला तरच. ऑक्टोबर २०१६ मध्ये रशियाची 'अ‍ॅडमिरल कुझनेत्सोव्ह' ही कॅरियर सीरियाकडे निघाली होती. तिच्या ताफ्याला स्पेनच्या सेउटा बंदरात तेल भरायचं होतं. नाटोतल्या मित्रांनी स्पेनवर इतका दबाव आणला की रशियाने स्वतःच विनंती मागे घेतली. पाठोपाठ माल्टानेही नकार दिला.

माझा मुद्दा एवढाच: कॅरियर किती लांब जाणार आणि तिथे किती दिवस टिकणार हे तिची अणुभट्टी ठरवत नाही. टँकर किती आहेत आणि कुठल्या बंदराचा दरवाजा उघडा आहे, यावर ते ठरतं.

(भारतीय नौकांचा विषय मुद्दाम घेत नाही. घेतला की तिसऱ्या प्रतिसादापासून धागा पाकिस्तानवर जातो.)

---

रोखठोक

असहमत, आणि जोरात असहमत.

तुमचंच उदाहरण घ्या. सेउटा बंद, माल्टा बंद. मग कुझनेत्सोव्ह परत फिरली का? नाही. सोबतच्या टँकरांवर भागवून ती सीरियाच्या किनाऱ्यावर पोहोचली. तिथे तिची दोन विमानं गेली ती विमान अडवणाऱ्या तारांच्या गोंधळामुळे, स्पेनने तेल नाकारलं म्हणून नाही.

दुसरं, तुलना कुणाशी करताय? कॅरियरला पर्याय म्हणजे जमिनीवरचा तळ. तळाचं काय होतं ते मार्च २००३ मध्ये, इराक युद्धाच्या वेळी दिसलं. अमेरिकी सैन्याला आपल्या भूमीवरून जाऊ देण्याचा ठराव तुर्कस्तानच्या संसदेने पाडला आणि अमेरिकेच्या चौथ्या इन्फन्ट्री डिव्हिजनचं सामान भरलेली जहाजं तुर्की किनाऱ्यासमोर ताटकळत राहिली. शेवटी सुएझमधून वळसा घालून कुवेतला गेली. भूमध्य समुद्रातल्या दोन कॅरियर मात्र होत्या तिथेच होत्या आणि कामाला लागल्या. २००१ मध्ये अफगाणिस्तानच्या वेळी आसपासचे देश तळ द्यायला का-कू करत होते, तेव्हा 'किटी हॉक' या अमेरिकी कॅरियरने आपली बरीचशी विमानं मागे ठेवली आणि विशेष दलांची हेलिकॉप्टरं घेऊन तरंगता तळ म्हणून काम केलं.

तिसरं, २०२० मध्ये कोविडमुळे जगातली बंदरं बंद होती. अमेरिकेची 'आयझेनहॉवर' ही कॅरियर २०६ दिवस एकाही बंदराला न लागता समुद्रात राहून परत आली. आता सांगा, बंदर लागतं की नाही?

बंदर ही सोय आहे. सोय आणि गरज यात फरक असतो.

---

भरती_ओहोटी

वाचतोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

तांडेल

@रोखठोक,

२००३ चं अर्धंच सांगितलंत. भूमध्य समुद्रातून इराककडे जायचं तर मध्ये कुणाचा तरी देश येतो. तुर्की संसदेने २० मार्चला हवाई हद्द वापरायला मंजुरी दिली, त्यानंतर तो मार्ग खुला झाला. अफगाणिस्तानला तर समुद्रच नाही. अरबी समुद्रातून गेलेलं प्रत्येक विमान पाकिस्तानावरून गेलं. (घ्या, आणलंच मी पाकिस्तान.) म्हणजे परवानगी लागलीच, फक्त धक्क्याऐवजी आकाशाची लागली.

आणि 'आयझेनहॉवर' २०६ दिवस बंदराला लागली नाही, पण तिला लागणारं सगळं कुठल्या ना कुठल्या बंदरातूनच आलं. टँकर आणि सामानाची जहाजं धक्क्याला लागत होती, भरत होती, परत येत होती. तुम्ही बंदर टाळलं नाहीत, एक टप्पा मागे ढकललंत.

---

रोखठोक

अहो, मग या न्यायाने जगात कुणीच स्वतंत्र नाही. पायदळालाही पुरवठा लागतो. विमानतळालाही इंधन लागतं. "पुरवठा लागतो" हा कॅरियरवरचा आक्षेप होऊच शकत नाही. आक्षेप तेव्हा होईल जेव्हा तुम्ही दाखवाल की पुरवठा तोडल्यामुळे एखादी कॅरियर मोहीम फसली. आहे असं उदाहरण?

१९८२ चं फॉकलंड बेटांवरून झालेलं ब्रिटन-अर्जेंटिना युद्ध घ्या. घरापासून जवळपास १३ हजार किलोमीटर, दक्षिण अमेरिकेत एकही बंदर ब्रिटिश युद्धनौकांसाठी उघडं नाही, हवामान भयंकर. 'इन्व्हिन्सिबल' ही ब्रिटिश कॅरियर सलग १६६ दिवस समुद्रात राहिली. जिंकले की नाही?

---

सुकी_गोदी

फॉकलंडचं उदाहरण मला तांडेल यांच्या बाजूचं वाटतं, हे गमतीशीर आहे.

घाईघाईत निघालेल्या जहाजांमध्ये सामान वाटेल तसं कोंबलं होतं. लढाईत आधी लागणारं तळाशी, नंतर लागणारं वर. ते सगळं वाटेतल्या असेन्शन बेटासमोर थांबून पुन्हा लावलं. बेट ब्रिटनचं, पण त्यावरचा वाइडअवेक विमानतळ चालवत होती अमेरिका, आणि विमानांचं इंधनही तिने पुरवलं. हे बेट नसतं, किंवा अमेरिकेने तटस्थ राहायचं ठरवलं असतं, तर? शिवाय चाळीसहून जास्त व्यापारी जहाजं सरकारने ताब्यात घेऊन मोहिमेला जुंपली होती. त्यातलं 'अटलांटिक कन्व्हेयर' हे एक जहाज २५ मे रोजी क्षेपणास्त्र लागून गेलं आणि त्यावरची चिनूक हेलिकॉप्टरं गेली. एक तेवढं वाचलं. मग सैनिक पाठीवर ओझं घेऊन बेटभर चालत गेले. पुरवठा तुटला की काय होतं ते तिथे दिसलं. मोहीम फसली नाही, पण तिचा नकाशा बदलला.

---

भरती_ओहोटी

परवानगीच्या आधीची एक पायरी दोघांच्याही बोलण्यात येत नाहीये: जहाज आत मावतं का?

निमित्झ वर्गाची लांबी ३३३ मीटर. उड्डाणपट्टीपाशी रुंदी ७७ मीटर. पाण्याखाली साडेअकरा-बारा मीटर. पनामा कालव्याची २०१६ ची नवी दारं ५५ मीटर रुंद आहेत, म्हणजे तो विषय संपला. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिमेला न्यायची असेल तर अख्ख्या दक्षिण अमेरिकेला वळसा. 'जॉर्ज वॉशिंग्टन' २०१५ मध्ये तशीच गेली आणि २०२४ मध्ये तशीच आली. सुएझला दारंच नाहीत, सरळ खोदलेला कालवा, म्हणून तिथून जाता येतं.

बंदरांचं तर विचारू नका. २०१५ मध्ये 'थिओडोर रूझवेल्ट' पोर्ट्समथला गेली. हे ब्रिटिश नौदलाचं मुख्य बंदर, पण तिला आत जागा नव्हती. बाहेर स्टोक्स बे मध्ये नांगर टाकून राहिली आणि खलाशी बोटींनी ये-जा करत होते. ब्रिटनने स्वतःच्या नव्या नौका तिथे ठेवायच्या म्हणून लाखो घनमीटर गाळ उपसला. त्यात दुसऱ्या महायुद्धातले न फुटलेले बॉम्बही निघाले. आणि 'क्वीन एलिझाबेथ' २०१७ मध्ये रोसाइथच्या गोदीतून पहिल्यांदा निघाली ती ओहोटी पाहून, डोलकाठी आडवी करून, तरच ती फोर्थ खाडीवरच्या पुलांखालून गेली. वर दोनेक मीटर जागा. ६५ हजार टनाचं जहाज बांधलं, पण घराबाहेर काढायला समुद्राची वेळ सांभाळावी लागली.

बाहेर नांगर टाकून राहणं ही नुसती गैरसोयही नाही. डिसेंबर १९९० मध्ये इस्रायलच्या हैफासमोर 'साराटोगा' या अमेरिकी कॅरियरच्या खलाशांना परत नेणारी भाड्याची फेरीबोट उलटली आणि २१ जण बुडाले. ती नौका धक्क्याला लागली असती तर ही फेरी झालीच नसती.

भूमध्य समुद्रात एवढ्या मोठ्या नौकेला सरळ धक्क्याला लावता येईल अशा जागा मोजक्याच. त्यातली सगळ्यात कामाची क्रीट बेटावरची सूडा बे. २०२३-२४ मध्ये तांबड्या समुद्रात लढून 'आयझेनहॉवर' विश्रांतीला आली ती तिथेच. जाता जाता, तिथल्या नाटोच्या धक्क्याचं नाव 'मराठी' आहे. खरंच आहे, हलके घ्या.

---

कट्ट्यावरचा

मराठी धक्का!! धागा सार्थकी लागला. आता भांडण मिटवा.

---

अणूरेणू

मूळ मुद्द्याकडे. तांडेल म्हणतात अणुभट्टी परवानगीतून सुटका करत नाही. मी पुढे जाऊन म्हणते की अणुभट्टीमुळे परवानगी मिळणं अवघड होतं.

न्यूझीलंडने १९८७ मध्ये कायदाच केला: अणुऊर्जेवर चालणारी जहाजं आमच्या पाण्यात नकोत. त्याआधी १९८५ मध्ये 'बुकॅनन' ही साधी, तेलावर चालणारी विनाशिका त्यांनी नाकारली होती, कारण तिच्यावर अण्वस्त्रं आहेत की नाहीत हे अमेरिका सांगायला तयार नव्हती. आज अमेरिकेच्या सगळ्या कॅरियर अणुऊर्जेवरच्या आहेत, म्हणजे त्या देशाचं एकही बंदर त्यांच्यासाठी नाही. सोबतची विनाशिका जाऊ शकते, कॅरियर नाही.

जपानचं उलट उदाहरण. १९६८ मध्ये 'एंटरप्राइझ' सासेबोला आली तेव्हा रस्त्यावर दंगल झाली होती. योकोसुकाला १९७३ पासून अमेरिकेची कॅरियर कायम असते, पण पुढची ३५ वर्षं ती तेलावर चालणारीच असायची. अणुऊर्जेवरची पहिली, 'जॉर्ज वॉशिंग्टन', २००८ मध्ये आली. त्याआधी तिच्यासाठी बंदर खोल केलं गेलं, स्थानिकांनी कोर्टकचेरी केली, आणि वाटेत मे महिन्यात तिच्यावर आग लागल्याने येणं सप्टेंबरवर गेलं. आजही तिथे अणुभट्टीच्या दुरुस्तीला हात लावायचा नाही असं अमेरिकेचं जपानला दिलेलं जुनं वचन आहे. बंदर मिळालं, पण अटींसकट.

त्यामुळे "अणुऊर्जा म्हणजे मोकळीक" हे समुद्राच्या मध्यावर खरं आहे. किनाऱ्याजवळ येता येता ते उलटं होत जातं.

---

रोखठोक

@अणूरेणू, मुद्दा नीट मांडलात, पण वजन बघा. न्यूझीलंड नाही म्हणाला म्हणून गेल्या चाळीस वर्षांत एकाही कॅरियरचं काम अडलं का? बाजूला ऑस्ट्रेलिया आहे. १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या सिनेटने १२ विरुद्ध ११ मतांनी सुबिक बे इथल्या अमेरिकी नौदल तळाचा करार फेटाळला. सगळे म्हणाले, अमेरिका पॅसिफिकमधून संपली. काय झालं? सिंगापूरने चांगीला कॅरियर लागेल एवढा धक्का बांधला आणि २००१ मध्ये 'किटी हॉक' तिथे लागलीसुद्धा. ज्याच्याकडे कॅरियर आहे त्याला बंदर देणारा कुणीतरी मिळतोच, कारण त्या देशालाही ती नौका जवळ हवी असते.

हाँगकाँग आणखी मजेशीर. नोव्हेंबर २००७, सणाचे दिवस, खलाशांचे नातेवाईक विमानाने येऊन थांबलेले, आणि चीनने ऐनवेळी 'किटी हॉक'ला नाही म्हटलं. मग निर्णय फिरवला, पण तोवर नौका जपानकडे वळली होती. गेली कुठून? तैवानच्या सामुद्रधुनीतून! दार लावणाऱ्यालाच किंमत मोजावी लागली.

---

तांडेल

हाँगकाँगची दुसरी बाजू: त्याच्या काही दिवस आधी अमेरिकेचे दोन छोटे सुरुंगशोधक वादळातून आसरा मागत होते, तेल मागत होते. त्यांनाही नकार मिळाला. कॅरियरला सणाचा मुहूर्त हुकल्याचं दुःख, छोट्या जहाजांचा प्रश्न मात्र खराखुरा होता. ताफा म्हणजे फक्त मोठी नौका नव्हे. तुमचं सगळं बोलणं मोठ्या नौकेवर चाललंय.

सोबतच्या विनाशिकांचंच बघा. त्यांची क्षेपणास्त्रं डेकमधल्या उभ्या नळ्यांमध्ये असतात. तांबड्या समुद्रात येमेनच्या हौथी बंडखोरांची ड्रोन आणि क्षेपणास्त्रं पाडता पाडता नळ्या रिकाम्या होतात, आणि रिकामी नळी भरायची तर बंदर, स्थिर धक्का आणि क्रेन. हलत्या समुद्रात सहा-सात मीटर लांबीचं क्षेपणास्त्र उभं धरून तेवढ्याच भोकात सोडायचं म्हणजे खेळ नाही. हे समुद्रात करता येतं का याचा प्रयोग अमेरिकेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅन दिएगोच्या बाहेर 'चोझिन' या क्रूझरवर केला. प्रयोग! म्हणजे तोवर प्रत्येक रिकामी विनाशिका ताफा सोडून बंदर गाठत होती. तेल समुद्रात मिळतं, बॉम्ब समुद्रात मिळतात, पण कॅरियरचं संरक्षण करणारी क्षेपणास्त्रं मिळत नाहीत.

---

डेकवरचा

समुद्रात तेल "मिळतं" म्हणजे काय होतं तेही एकदा बघा, कारण इथे सगळे ते नळ उघडल्यासारखं लिहितायत.

दोन जहाजं समांतर, मध्ये साधारण ५० मीटर, वेग १२-१३ नॉट. आधी एका जहाजावरून बारीक दोरी बंदुकीने फेकतात. तिला धरून जाड दोर, मग ताणलेली पोलादी तार, मग तिच्यावरून लटकत येणारे तेलाचे होज. एक वेगळी दोरी नुसती अंतर मोजायला, तिच्यावर ठरावीक अंतरावर रंगीत झेंडे. अंधारात झेंड्यांऐवजी दिवे. सुकाणूवरचा माणूस अर्ध्या अंशाने इकडेतिकडे करत राहतो, कारण दोन मोठी जहाजं जवळून चालली की मधलं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढतं. हे तासन् तास. तेवढा वेळ कॅरियरला वाऱ्याकडे तोंड वळवता येत नाही, म्हणजे उड्डाणं जवळपास बंद. पाणबुडीला याहून सोपं सावज नाही.

ज्याला हे जमतं तोच खरा खोल समुद्रातला नौदलवाला. पण हे रोजचं करायचं तर टँकर लागतात, आणि युद्धात पहिला नेम टँकरवरच धरला जाईल.

अवांतर: सुटे भाग आणि टपाल आणणाऱ्या विमानांचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानजवळ अमेरिकी हवाईदलाचं ऑस्प्रे जातीचं विमान पडलं आणि सगळी ऑस्प्रे तीन महिने जमिनीवर. कॅरियरला माल पोहोचवणारी नवी विमानं त्याच जातीची. पुन्हा उडू दिली तेव्हा अट: उतरता येईल अशा धावपट्टीपासून अर्ध्या तासापेक्षा लांब जायचं नाही. म्हणजे परत किनारा आलाच.

---

कलमबहाद्दर

शांततेतल्या परवानग्यांवर बरंच झालं. युद्ध सुरू झाल्यावर तटस्थ देशांचे नियम वेगळे असतात. १९०७ चा तेरावा हेग करार: लढणाऱ्या देशाची युद्धनौका तटस्थ बंदरात साधारणपणे २४ तासच राहू शकते. दुरुस्ती फक्त समुद्रात तरंगण्यापुरती, लढण्याची ताकद वाढेल अशी नाही. तेल फक्त आपल्या देशाचं जवळचं बंदर गाठण्यापुरतं, आणि त्याच देशात पुन्हा तीन महिने मागायचं नाही.

याहून कडक, आणि आजही रोज पाळला जाणारा, १९३६ चा माँत्रो करार. काळ्या समुद्राबाहेरच्या देशांनी एका वेळी तुर्की सामुद्रधुनीतून न्यायच्या युद्धनौकांचं एकूण वजन १५ हजार टनांच्या आत. मोठ्या युद्धनौकांची जी सवलत काळ्या समुद्रातल्या देशांना आहे, तिच्या व्याख्येतूनही विमानवाहू नौका वगळल्यात. म्हणून सोव्हिएत संघाने आपल्या 'कीव्ह' या नौकेला विमानवाहू क्रूझर म्हटलं आणि १९७६ मध्ये बाहेर काढलं. तुर्कस्तानने ते चालवून घेतलं.

अर्धवट बांधलेल्या 'वर्याग' या सोव्हिएत कॅरियरचं प्रकरण त्याहून रंगतदार. १९९८ मध्ये मकाऊच्या एका कंपनीने तो सांगाडा तरंगता कॅसिनो करायचा म्हणून दोन कोटी डॉलरला घेतला. इंजिन नाही, सुकाणू नाही, टगच्या दोरीवर ओढत नेलेला. तुर्कस्तानने तो जवळपास सोळा महिने अडवून ठेवला. २००१ च्या नोव्हेंबरात सोडला. २०१२ मध्ये तोच चीनची पहिली कॅरियर 'लिआओनिंग' झाला. कॅसिनो काही झाला नाही.

---

रोखठोक

माँत्रोबद्दल लिहिलंत ते माझ्याच बाजूचं झालं. नाव बदललं, काम झालं. करार, कलमं, सगळं वाकतं. १९०७ चा करार आज कोण वाचतो?

---

कलमबहाद्दर

तुर्कस्तान वाचतो. फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेन युद्धावरून त्याने सामुद्रधुनी लढणाऱ्यांच्या युद्धनौकांना बंद केली. सूट फक्त आपल्या मूळ तळावर परतणाऱ्यांना. एप्रिलमध्ये काळ्या समुद्रात रशियाची 'मोस्क्वा' ही क्रूझर बुडाली. तिच्या जातीच्या दोन क्रूझर त्या काळात भूमध्य समुद्रात होत्या, पण त्यांचे तळ दुसरीकडचे. एकही काळ्या समुद्रात जाऊ शकली नाही. कलम वाकतं तेव्हा दारावरच्याला ते वाकवायचं असतं म्हणून.

---

सुकी_गोदी

ज्या बंदराबद्दल कुणीच परवानगी नाकारत नाही, त्याबद्दल थोडं. स्वतःचं.

कुझनेत्सोव्हला स्पेनने बुडवलं नाही, सीरियाने बुडवलं नाही. ती पंगू झाली स्वतःच्या घरात. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुर्मान्स्कजवळ ती ज्या तरंगत्या गोदीत होती, ती 'पीडी-५०' गोदीच बुडाली. जाताना तिची क्रेन नौकेच्या डेकवर कोसळली. उत्तरेत तेवढी दुसरी गोदी नव्हती. पुढच्या वर्षी डिसेंबरात आग.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नौदलाची कॅरियर मावेल अशी सुकी गोदी एकच, ब्रेमर्टनला. अणुइंधन बदलायचं मोठं काम फक्त न्यूपोर्ट न्यूज इथल्या गोदीत होतं. 'जॉर्ज वॉशिंग्टन' त्यासाठी २०१७ मध्ये आत गेली आणि मे २०२३ मध्ये बाहेर आली, ठरल्यापेक्षा बरीच उशिरा. देशात मुक्काम असलेल्या युद्धनौकांची मोठी दुरुस्ती परदेशी गोदीत करायची नाही, असा त्यांचाच कायदा आहे. म्हणून कागदावर ११ असल्या तरी समुद्रात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. नौका गोदीत अडकली की बाहेरच्या नौकेची मोहीम लांबते. 'लिंकन' २०१९-२० मध्ये २९५ दिवस बाहेर होती.

---

कुंपणावरचा

आतापर्यंत सगळे राष्ट्रांच्या परवानग्यांवर भांडले. कंत्राटदाराचं काय?

कॅरियर बंदराला लागते तेव्हा टग लागतात, गोडं पाणी लागतं, सुरक्षेचे तरंगते अडथळे लागतात, आणि पाच हजार माणसांचं सांडपाणी रोज उपसून न्यावं लागतं. हे सगळं पुरवणारा स्थानिक ठेकेदार असतो. आग्नेय आशियात हे काम वर्षानुवर्षं लिओनार्ड फ्रान्सिस नावाच्या माणसाकडे होतं, 'फॅट लिओनार्ड'. अमेरिकेच्या सातव्या आरमारातल्या अधिकाऱ्यांना पैसे, पार्ट्या, हॉटेलं देऊन तो गुप्त वेळापत्रकं मिळवायचा आणि ताफे आपल्या सोयीच्या बंदरांकडे वळवून घ्यायचा. मलेशियातलं पोर्ट क्लांग त्याचं आवडतं. तिथे वाटेल ते बिल. २०१५ मध्ये गुन्हा कबूल केला, साडेतीन कोटी डॉलरहून जास्त जादा बिलं लावल्याचं मान्य केलं. २०२२ मध्ये नजरकैदेतून पळाला, व्हेनेझुएलात सापडला, २०२४ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली.

थोडक्यात, जगातल्या सर्वात बलाढ्य आरमाराची नौका कुठे थांबणार हे काही काळ सांडपाण्याचा ठेकेदार ठरवत होता. यावर रोखठोक काय म्हणतात ते ऐकायला आवडेल.

---

रोखठोक

म्हणतो की तो भ्रष्टाचार होता, भूगोल नव्हता. आणि ज्या अर्थी त्याला लाच देऊन ताफे वळवावे लागले, त्या अर्थी त्यांच्याकडे इतरत्र जायचे पर्याय होतेच.

आता माझं शेवटचं. तुम्ही सगळ्यांनी मिळून सिद्ध काय केलंत? टँकर कमी आहेत, गोद्या कमी आहेत, खलाशी कमी आहेत. मान्य. हा दोष कॅरियरचा नाही, तिच्यामागे पैसे न घालणाऱ्यांचा आहे. १९४४ मध्ये अमेरिकेने पॅसिफिकमधलं उलिथी नावाचं कोरल बेट घेतलं, एकही गोळी न झाडता. तिथे तरंगत्या गोद्या आणल्या, टँकर आणले, कार्यशाळा आणल्या, आणि काही महिन्यांत शेकडो जहाजं नांगरली. कुणाचं बंदर मागितलं नाही, बंदरच सोबत नेलं. करायचं म्हटलं तर होतं.

चीन तेच करतोय. भलंमोठं पुरवठा जहाज बांधलं, तेही कॅरियरसोबत धावेल इतकं वेगवान. आणि आफ्रिकेतल्या जिबूती इथल्या आपल्या तळावर कॅरियर लागेल एवढा लांब धक्का बांधला, असं अमेरिकेच्या आफ्रिका कमांडच्या प्रमुखांनीच २०२१ मध्ये सांगितलं. त्यांना तुमचा धागा वाचायची गरज नाही.

---

अणूरेणू

चीनने पुरवठा जहाज बांधलं *आणि* जिबूतीत धक्का बांधला. दोन्ही. बंदर नुसती सोय असतं तर दुसरा खर्च कशाला केला असता?

---

तांडेल

@रोखठोक, उलिथीचा मुद्दा मला सगळ्यात जास्त पटला, म्हणूनच त्यावर थांबतो. तिथे कोरल बेटांच्या कड्यातलं मोकळं सरोवर मिळालं, वर आकाश जवळपास आपलं होतं आणि मागे शेकडो पुरवठा जहाजांची फौज होती. आज उपग्रहाला दर काही तासांनी दिसणारा, लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यातला असा तळ कोण उभारणार? आणि कुठल्या जहाजांनी? १७ तर खलाशी नाहीत म्हणून बाजूला उभी करायची ठरली.

पैशाचा दोष म्हणता, तर ब्रिटन बघा. दोन कॅरियर बांधल्या. दारूगोळा आणि सुटे भाग समुद्रात पुरवणारं जहाज किती? एक, 'फोर्ट व्हिक्टोरिया', १९९४ सालचं, आणि तेही चालवायला माणसं पुरत नाहीत. तीन नव्या जहाजांचा करार झाला तो जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे दुसरी कॅरियर नौदलात आल्यावर तीन वर्षांनी. हे विसरून झालेलं नाही. कॅरियरच्या जलावतरणाला राणी येते, टँकरच्या जलावतरणाला छायाचित्रकारही येत नाहीत.

---

रोखठोक

मग भांडण ब्रिटनच्या अर्थखात्याशी करा, कॅरियरशी का करताय? :)

---

संपादक मंडळ

विषयाला सोडून व्यक्तिगत झालेले दोन प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. चर्चा चालू ठेवा. 'मराठी' धक्क्यावर वेगळा धागा काढल्यास हरकत नाही.